दारात थांबलेला वारा

समजा, तुमच्यासमोर एक जपानी पुस्तक उघडं आहे. लहान मुलांचं आहे, तेव्हा घाबरायचं कारण नाही, असं तुम्हाला वाटतं. वाक्यही छोटं आहे. डोंगराच्या कुशीत एक म्हातारी बसली आहे, दिवस मावळला आहे आणि दिवसभर हुंदडून आलेले वारे एकामागून एक गोठ्यात शिरताहेत. आता हे मराठीत लिहा. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं, तेवढी सोय आहे. पण पहिला वारा दाराशी येऊन जो आवाज करतो, त्याला जपानीत एक शब्द आहे, आणि तो शब्द म्हणजे नुसता आवाजच आहे. सळसळ म्हणाल तर झाड डोळ्यांपुढं येतं. भणभण म्हणाल तर उघडा माळ. सूं सूं म्हणाल तर मुलं हसतील. तुम्ही पेन ठेवता, उठून चहा टाकता, तो पिऊन परत येऊन बसता. वारा अजून दारातच उभा असतो.

तुळजापूरच्या सरोजिनी उपाध्ये यांनी हे काम जवळजवळ तीस वर्षं केलं. पगार नव्हता, कुणी सांगितलंही नव्हतं.

जपानी त्यांना आली तीही अपघातानंच. शिकायला पुण्यात मामाकडे होत्या. मामेबहीण भैरवी संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला नाव घालायला निघाली, म्हणून या सोबत गेल्या. जर्मनचा वर्ग भरलेला. शेजारच्या खोलीत जपानीला बाकं रिकामी. दोघी तिथं बसल्या. भैरवी पुढं एका जपानी कंपनीत लागली. सरोजिनीचं लग्न ठरलं, आणि ती लोहाऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागली. नवरा मार्तंड तहसीलमध्ये कारकून. जपानी अक्षरं ट्रंकेत गेली ती गेलीच, असंच सगळ्यांना वाटत होतं.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. लोहाऱ्याजवळचं सास्तूर गाव आडवं झालं. मदतीला देशोदेशीची माणसं आली, त्यात काही जपानी परिचारिका होत्या. त्यांचं बोलणं कुणाला कळेना. तहसीलदारसाहेब डोकं धरून बसलेले असताना मार्तंडरावांनी हळूच सांगितलं, "साहेब, आमच्या घरात एक आहे जपानी जाणणारं."

"तुमच्या घरात?"

"बायको. पण दहा वर्षांत बोललेली नाही."

"मार्तंडराव, दहा वर्षं नवऱ्याशी बोलून झालंय ना? मग कुणाशीबी बोलतील त्या. आणा."

सरोजिनीबाई गेल्या. औषध कधी घ्यायचं, पट्टी कधी बदलायची, पोरगं कुणाचं, आई कुठं. शेवटचा प्रश्न त्या मराठीत विचारायच्या आणि उत्तर जपानीत सांगताना खाली बघायच्या. परिचारिका परत निघाल्या तेव्हा एकीनं पिशवीतून एक पुस्तक काढून त्यांच्या हातात ठेवलं. स्वतःच्या मुलीचं होतं. लेखिका मित्सुए तानिहारा.

त्या पुस्तकातली म्हातारी डोंगरात वारे राखते. सकाळी सोडते, संध्याकाळी गोळा करते, एखादा परतला नाही तर कंदील घेऊन शोधायला निघते. तिच्या हाताखाली नाओ नावाची आठ वर्षांची पोर आहे. सरोजिनीबाईंनी ते वाचलं आणि शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर जीप धरून सास्तूरला गेल्या. पत्र्याच्या शेडमध्ये पोरं नुसती बसून असायची. त्यांना त्या गोष्ट सांगू लागल्या. जपानी ओळ डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं मराठी बोलायची. पुढच्या शनिवारी पोरं जास्त झाली. त्याच्या पुढच्या शनिवारी बायकाही दारात येऊन उभ्या राहिल्या.

म्हातारीच्या कामाला शब्दच मिळेना. वाऱ्यांची राखणदार म्हणावं तर चौकीदारीण वाटायची. धनगरीण म्हणावं तर मेंढरं आली. अडखळताना बघून महांतेश नावाचा पोरगा म्हणाला, "बाई, गुरं राखतो त्यो गुराखी. मग ही वाराखी." झालं. त्या दिवसापासून ती म्हातारी सास्तूरची झाली.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लेखिकेनं मुलांना विचारलं होतं: तुमच्याकडे कुठला वारा वाहतो? तो कसा येतो, मला कळवा. जागा असली तर त्याला पुढच्या पुस्तकात घेईन. खाली पत्ता होता.

शेडमध्ये एकच गलका उडाला. कुणी हरभऱ्यातलं पहाटेचं गार वारं सांगितलं. कुणी टायरमागं उडणाऱ्या फुफाट्याचं. कुणी आज्याच्या फेट्याचा शेमला उडवणारं. अयोध्या नावाची एक पोर कोपऱ्यात गप्प बसून होती. भूकंपात तिची आई गेली होती. सगळ्यांचं झाल्यावर ती म्हणाली, "आमच्या शेडात एक येतं. दिवस मावळताना. पत्रा बुडाशी उचलतं न् वाकून आत येतं."

"वाकून का गं?"

"दार ठेंगणं हाय की. माय पण भारा घेऊन तशीच वाकून यायची."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. सरोजिनीबाईंनी ते तसंच, तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं.

"धाडा आं बाई," अयोध्या म्हणाली.

"धाडते."

आणि त्यांनी ते धाडलं नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण बाईंच्या आयुष्यातलं सगळं दुखणं इथून सुरू होतं. आळस नव्हता, विसर नव्हता. त्यांचं माहेर तुळजापुरातलं, पूजेअर्चेचं घर. नैवेद्याच्या ताटाचा तिथं एक कडक नियम होता. मीठ, लिंबू, चटणीपासून पुरणापर्यंत ताट पुरं वाढलं गेल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. एकदा आई लिंबाची फोड विसरली, तर वडिलांनी तिला दारातून परत फिरवलं. फोड ठेवून ती निघेपर्यंत देवळात आरती होऊन गेली होती. वडील म्हणाले, "उशीर चालतो. अर्धं ताट चालत नाही." सरोजिनीबाईंच्या हाडात हे मुरलेलं होतं. एवढ्या मोठ्या लेखिकेपुढं कुठल्यातरी गावच्या बाईनं चार ओळींचं पत्र घेऊन जायचं? आणि जपानीत तर मान देण्याच्या पायऱ्यांवर पायऱ्या. एक पायरी चुकली तर अपमान. त्यांनी ठरवलं, आधी पुस्तक मराठीत पुरं करायचं. मग अनुवाद, परवानगीची विनंती आणि मुलांचे वारे असं सगळं एकदम, व्यवस्थित पाठवायचं.

"बाई, धाडलं का?" दर शनिवारी पोरं विचारायची.

"पुस्तक पुरं होऊ दे."

"जपानला यष्टी न्हाय का जात?" महांतेश विचारायचा.

"जाते रे. पण नळदुर्गाला बदलावी लागते," बाई म्हणायच्या, आणि पोरं खिदळायची.

पुस्तक पुरं व्हायला दोन वर्षं लागली. ते होतंय तोवर भैरवीनं पुण्याहून कळवलं की दुसरा भाग आलाय. त्यात नाओ डोंगर उतरून दऱ्यांमध्ये जाते. दुसऱ्यात काही शब्द असे निघाले की पहिल्यातले बदलावे लागले. मग दोन्ही पुरे करून पाठवू. तेवढ्यात तिसरा आला.

"तुमच्या जपानच्या बाईंनी अजून एक काढलं म्हणे," मार्तंडराव जेवताना म्हणायचे. "तुमचं संपायच्या आत त्या नवीन काढतात. मुद्दाम करत असतील."

"अहो, जेवा गप."

"मी म्हणतो, आहे तेवढं पाठवून द्या. तिकीट मी आणतो."

"अर्धं कसं पाठवायचं?"

यावर मार्तंडराव आमटीत भाकरी कुस्करायला लागत. सासऱ्यांच्या नियमाशी भांडण्यात अर्थ नाही, हे ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले होते.

तानिहाराबाईंची स्वतःची हकिगत सरोजिनीबाईंना अशीच तुकड्यातुकड्यानं कळत गेली. कधी पुस्तकाच्या मलपृष्ठावरून, कधी भैरवीनं पाठवलेल्या मासिकाच्या कात्रणावरून. उत्तर जपानच्या डोंगरातलं बर्फाचं गाव. वडील लाकूडतोडे. शिक्षण जेमतेम, नोकरी टपाल कचेरीत, पत्रं वेगळी करायची. चाळिशी उलटल्यावर लिहायला घेतलं. पहिलं बाड प्रकाशकांकडून परत यायचं. एकानं लिहिलं, गोष्टीत दुष्ट कुणीच नाही, मुलं कंटाळतील. दुसऱ्यानं लिहिलं, वारा हे काय पात्र झालं? शेवटी एका छोट्या छापखान्यानं ते काढलं आणि सुरुवातीच्या प्रती कचेरीतल्या सहकाऱ्यांनीच घेतल्या. दुसऱ्या भागाला बक्षीस मिळालं. तिसऱ्यानं त्यांचं नाव घरोघरी गेलं. मग कार्टूनवाले आले. त्यांना वाऱ्यांना डोळे काढायचे होते. बाई म्हणाल्या, डोळे असलेला वारा मी पाहिलेला नाही. पैसे परत गेले. चौथा भाग आला तेव्हा समीक्षकांनी लिहिलं, आता पुरे. पण मुलांची पत्रं थांबली नाहीत, आणि टपालात आयुष्य गेलेली ती बाई प्रत्येक पत्राला स्वतःच्या हातानं उत्तर द्यायची. प्रत्येक भागात मुलांनी कळवलेले दोनचार वारे असत. मागं त्या मुलांची नावं आणि गावं.

ती नावांची पानं सरोजिनीबाई सगळ्यात आधी उघडायच्या. कोरियातलं एक मूल होतं. ब्राझीलमधली एक मुलगी होती. तिथं सास्तूर बसू शकलं असतं. अयोध्या, सास्तूर. किती छोटी ओळ.

शनिवार केव्हाच बंद झाले होते. सास्तूरला नवी घरं झाली, शेडं मोडली, बाईंची बदली तुळजापूरला झाली. पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली. धाडलं का, हे विचारणारं कुणी उरलं नाही.

पाचव्या भागानंतर जपानला तो मोठा भूकंप झाला आणि समुद्र आत आला. सरोजिनीबाई दिवसभर टीव्हीपुढं बसून होत्या. तानिहाराबाईंचं गाव डोंगरात, म्हणून त्या वाचल्या, हे भैरवीनं महिनाभरानं कळवलं. पण त्यांनी लिहिणं थांबवलं होतं.

"आता तरी पत्र टाक," भैरवी फोनवर म्हणाली. "तुझ्याकडं भूकंप पाहिलेल्या पोरांचं सांगणं आहे. तिला बरं वाटेल गं."

"इतक्या वर्षांनी? आणि ती दुःखात असताना मी आमची पोरं घेऊन जाऊ? माझा पाचवाही अजून अर्धाच आहे."

"सरू, तू पत्र टाकणार आहेस की रुखवत मांडणार आहेस?"

सरोजिनीबाईंनी फोन ठेवला. कागद घेतला. आरंभीचं संबोधन तीन प्रकारांनी लिहून पाहिलं. तिन्ही त्यांना उद्धट वाटले.

पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर सहावा भाग आला, आणि तोच शेवटचा ठरला. दोन वर्षांनी भैरवीचा फोन आला की तानिहाराबाई गेल्या. सरोजिनीबाई तेव्हा तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी सगळी डाळ निवडली, डब्यात भरली आणि मग पुन्हा सुपात ओतून निवडायला घेतली. मार्तंडरावांनी ते पाहिलं. आत जाऊन त्यांनी स्वतःच चहा केला आणि त्यांच्याजवळ आणून ठेवला.

त्यानंतर मात्र काम भराभर झालं. आता सातवा येणार नव्हता. ताट पुरं होणार होतं, फक्त देवघर रिकामं होतं. लातूरचा एक छोटा प्रकाशक तयार झाला. भैरवीच्या ओळखीनं लेखिकेच्या मुलाची परवानगीही आली. अट एकच: एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही.

छापायला देण्याआधी कुणीतरी ऐकावं असं बाईंना वाटलं. तुळजापुरातून नळदुर्ग आणि तिथून जीपनं त्या लोहाऱ्याला गेल्या. अयोध्याचं तिथं स्टँडजवळ शिलाईचं दुकान आहे, हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं आणि कधी लोहाऱ्याला आल्या की त्या दुकानावरून मान खाली घालून जात होत्या.

अयोध्यानं चष्म्यावरून पाहिलं. मग मशीन सोडून उठली.

"बाई! अगं बया. या, बसा. ब्लाऊज टाकायचाय व्हय?"

"नाही गं. गोष्ट ऐकायला वेळ आहे का?"

अयोध्या हसली. "लगीनसराई हाय, बाई. पर वाचा तुमी. म्या शिवत ऐकते."

बाईंनी सहावा भाग काढला. मशीन चालू होती. नाओ आता मोठी झाली आहे. म्हातारी वाराखी गेली आहे. चुकलेला वारा शोधत नाओ एका मोडलेल्या गावात येते. जमीन हादरून पडलेलं गाव. बाईंनी वाचलं, "सगळं गाव गप्प होतं. दारं होती, पण घरं नव्हती. नाओ एका दगडावर बसली. आणि मग एक वारा आला."

त्या थांबल्या.

"पुढं?" अयोध्या म्हणाली.

"पुढं अर्धं पान कोरं आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे काही लिहिलेलं नाही. पुढच्या प्रकरणात तो वारा नाओच्या बरोबर चालतोय. पण कसा आहे, कसा आला, ते लिहिलेलं नाही." बाईंनी मागचं पान उलटलं. "शेवटी त्यांनी एवढंच म्हटलंय: हादरलेल्या गावातल्या मुलांना तुमचा वारा कसा आहे, असं विचारायला माझी जीभ रेटली नाही."

मशीन थांबली.

"त्यांनी इचारलं न्हाय," अयोध्या सावकाश म्हणाली. "पर आमी तर सांगितलं हुतं की."

"हो."

"वाकून यायचं ते."

"हो गं."

"तुमी धाडलं नव्हतं?"

सरोजिनीबाईंनी मान हलवली. बाहेर लोहारा-उमरगा गाडीचा कंडक्टर ओरडत होता. अयोध्यानं सुईखालचं कापड सोडवलं, दोरा दातानं तोडला.

"मला वाटायचं धाडलंय," ती म्हणाली. "लई वर्सं वाटायचं. लेकराला सांगितलं म्या, तुज्या आजीचं वारं जपानात हाय म्हणून." तिनं विचारलं, "मग आता घाला की तितं. जागा हाय ना?"

"मला घालता येत नाही. एक शब्द वाढवायचा नाही, असं त्यांच्या मुलानं सांगितलंय."

"लेकाला इचारा."

"काय विचारू?"

"ह्येच की, तुज्या मायनं जागा सोडली का ऱ्हायली? सोडली आसंल तर ती कुणासाठी तर आसंलच ना. पाव्हण्यासाठी पान मांडून ठिवल्यागत. न् ऱ्हायली आसंल तर ऱ्हाऊ द्या."

बाईंना हे आयुष्यभर सुचलं नव्हतं. त्यांच्या घरात ताट पुरं वाढायचं एवढंच शिकवलेलं. कुणासाठी पान मोकळं ठेवायचं असतं, हेही त्याच घरात रोज दिसत होतं, पण ते पत्राला लावून पाहायचं डोक्यात आलं नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुलाला पत्र लिहिलं. यावेळी संबोधनाचा विचार केला नाही. साध्या, वर्गात शिकलेल्या जपानीत सरळ विचारलं. उत्तर महिन्याभरात आलं, नम्र आणि थोडक्यात. मला ठाऊक नाही. आईनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. खरं सांगायचं तर दुसऱ्या भागानंतर मी तिची पुस्तकं वाचलेली नाहीत. तुम्ही इतक्या वर्षांपासून वाचताय, तर तुम्हालाच जास्त कळत असेल. अट तेवढी पाळावी.

बाईंनी अट पाळली. कोरं अर्धं पान मराठीतही कोरंच ठेवलं. प्रकाशकानं दोनदा विचारलं, छपाईची चूक वाटेल, चित्र टाकू का? त्या नाही म्हणाल्या. पण अनुवादकाचं मनोगत तर त्यांचं स्वतःचं होतं, तिथं कुणाची अट नव्हती. तिथं त्यांनी सास्तूरचं शेड लिहिलं, हरभऱ्यातलं वारं लिहिलं, महांतेशचा शब्द त्याच्या नावावर लिहिला, आणि अयोध्याचं वारं तिच्या शब्दांत जसंच्या तसं. ते वाचून दाखवायला त्या पुन्हा लोहाऱ्याला गेल्या.

अयोध्यानं सगळं ऐकलं. पदराच्या टोकानं नाक पुसलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पर बाई, सुरवातीचं बोलणं कोण वाचतं? समदी गोष्टीपासून सुरू करत्यात."

"खरंय."

"आसू द्या. ब्लाऊज टाकणार का? कापड आणलंय का न्हाय?"

बाईंनी कापड आणलं नव्हतं. त्या परतीच्या जीपमध्ये बसल्या तेव्हा छपाईआधी तपासायला आलेलं एक मुद्रित त्यांच्या मांडीवर होतं. सहाव्या भागाचंच ते पान. वर एक ओळ, "आणि मग एक वारा आला," आणि खाली पांढरं. जळकोटाच्या पुढं रस्ता खराब आहे, पान हातात हलत होतं. त्यांनी ते बोटानं दाबून धरलं. ही काही ताटातल्या लिंबाच्या फोडीएवढी जागा नाही, अर्धं पान आहे. एवढी मोठी जागा कुणी विसरत असेल का? की शब्द सापडले नाहीत म्हणून एक थकलेली बाई तिथंच पेन ठेवून उठली असेल? ज्या बाईनं आयुष्यभर पोरांच्या प्रत्येक पत्राला उत्तर दिलं, तिला पत्र टाकायला पंचवीस वर्षं हातात होती. आता विचारायचं तरी कुणाला?

तानिहाराबाई, ती जागा तुम्ही कुणाची वाट बघत सोडली होती, की ती नुसती राहून गेली?